तेलाचं माप

मी एक जुना एअर फिल्टर आहे, मित्रांनो. तुमची-माझी ओळख नसणारच. गाडी बघायला आलेला माणूस चाकं बघतो, रंग बघतो. माझ्यासाठी बॉनेट कोण उघडतो? माणसाला जसं नाक, तसा गाडीला मी. इंजिनाला हवा लागते, ती धूळ गाळून पुरवणं हे माझं काम.

सुती कापडाचे चार थर, दोन्ही बाजूंनी बारीक जाळी, सगळ्याच्या घड्या आणि भोवती रबराची चौकट, असा मी घडलो. शेवटी माझ्यावर लाल तेल चढलं. धूळ त्यालाच चिकटते. कागदाचे फिल्टर मळले की फेकतात, मी मात्र धुऊन पुन्हा वापरता येतो, याचा मला भारी तोरा होता.

दुकानात मला एका चकचकीत, शंकूसारख्या फिल्टरशेजारी मांडलं होतं. एक दिवस बापलेक आले. बाप आयुष्यभर कारखान्यात लेथ मशीनवर काम करून निवृत्त झालेला, मुलगी घाटातल्या शर्यतींत गाडी चालवणारी. ती त्या शंकूवरच भाळली.

"बाबा, हा घेऊ या ना. काय दणदणीत आवाज येतो याचा!"

"आवाजानं गाडी पळत असती, तर तुझ्या आत्यालाच बॉनेटखाली बसवलं असतं. अगं, तो उघडा बसतो, इंजिनाचीच गरम हवा ओढतो. हा बघ, आपल्या गाडीतल्या फिल्टरच्या बंद डब्यात नेमका बसेल आणि बाहेरची थंड हवा घेईल."

मुलगी खळखळून हसली आणि मी त्यांच्या घरी आलो.

जुनी गाडी दोघांनी खपून शर्यतीसाठी तयार केली होती. दर मोसमाआधी बाबा मला धुवायचे, सावलीत दिवसभर वाळवायचे. मग प्रत्येक घडीवर तेलाची एकच बारीक रेघ ओढून स्वस्थ बसायचे. तेल आपोआप पसरायचं. मुलगी मदतीला आली की म्हणायचे, "तू फक्त चालव. हे मी बघतो." ती निघून जायची. ते प्रेमच होतं, पण त्यातच सगळं चुकलं. ती पहिली आली त्या दिवशी बाबांनी मला टिचकी मारून "शाबास रे" म्हटलं होतं.

मग बाबा आजारी पडले आणि गेले.

पुढच्या मोसमाआधी तिनं मला स्वतः बाहेर काढलं. नीट धुतलं, वाळवलं. तेलाची बाटली हातात घेतली आणि तिला रडू कोसळलं. रडता रडता ती ओतत राहिली. बाबांच्या गाडीला काही कमी पडू नये, एवढंच तिच्या मनात होतं. पुरे गं बाई, असं मला ओरडावंसं वाटलं, पण मला तोंड कुठलं?

माझ्यापुढच्या नळीत केसाएवढी तार असते. किती हवा आली हे ती मोजते. जास्तीचं तेल उडून त्या तारेवर बसलं आणि तिचं माप चुकू लागलं. शर्यतीच्या सुरुवातीलाच गाडी आचके देत बंद पडली. तीनदा तसंच झालं. "बाबांच्या गाडीला परक्याचा हात लावू देणार नाही," असं म्हणून तिनं कुणाला बॉनेट उघडू दिलं नाही. सहा महिने गाडी आच्छादनाखाली उभी राहिली. शेवटी ते तिला पाहवेना, म्हणून तिनं ती विकून टाकली.

नव्या मालकाच्या मेकॅनिकनं ती तार दहा मिनिटांत साफ केली. गाडी पूर्वीसारखी गरजली. त्या भल्या मेकॅनिकनं तिला फोन केला. ती धावत आली, पण मालक गाडी परत द्यायला तयार होईना. मेकॅनिकनं गाडीत नवा फिल्टर बसवला होता; मला त्यानं तिच्या हातात ठेवलं.

"ताई, इंजिन ठणठणीत होतं. तेल जरा जास्त झालं होतं, एवढंच."

"एवढंच?" ती खाली बसली. माझ्या घड्यांवरून बोट फिरवत तिनं विचारलं, "किती घालायचं असतं?"

त्यानं सांगितलं. तिनं पुन्हा सांगायला लावलं.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणीतरी असं एखादं काम गुपचूप करत असेल. 'हे मी बघतो' म्हणाले, तरी त्यांच्याजवळून उठू नका. त्यांचा हात चालतोय तोवर ते काम शिकून घ्या.

आता मी तिच्या टेबलावर असतो. दर मोसमाआधी ती मला धुते, सावलीत वाळवते, प्रत्येक घडीवर एकच बारीक रेघ ओढते आणि स्वस्थ बसून राहते. तेल अगदी बरोबर पसरतं. मग ती मला पुन्हा टेबलावर ठेवते, कारण मला बसवायला गाडी नाही.