देवकाबाईंच्या फुप्फुसातली अरुंद वाट

मित्रांनो, मी कुणाला दिसत नाही. देवकाबाईंच्या उजव्या फुप्फुसातली मी एक जुनी रक्तवाहिनी आहे, केसाएवढी बारीक. हृदयाकडून आलेले काळपट रक्त मी हवेच्या इवल्या पिशव्यांपाशी नेते. तिथे ते प्राणवायू घेते आणि लाल होऊन पुढे जाते.

मला एक उपजत सवय आहे. जवळच्या पिशवीत प्राणवायू कमी पडला की मी आकसते. मग रक्त माझ्या वाटेने फुकट न जाता, जिथे हवा चांगली आहे तिकडे वळते. देवकाबाईंना लहानपणी न्यूमोनिया झाला, तेव्हा आमचा कोपरा कफाने भरला होता. मी घट्ट आवळून राहिले, रक्त शेजारच्या निरोगी भागात गेले आणि पोर वाचली. मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

लग्न होऊन त्या हिंगणीला रूपरावांच्या घरी आल्या. तिथल्या स्वयंपाकघराला एकच खिडकी होती आणि खिडकीमागे कापसाचा कोठा. एका हिवाळ्यात चुलीतली ठिणगी उडून कापसाच्या ढिगाशी पडली. आग लगेच विझवली, पण रूपराव हादरले.

"वर्षाचा कापूस जळाला असता तं खाल्लं काय असतं?" असे म्हणून त्यांनी ती खिडकी विटामातीने बुजवून टाकली.

तेव्हापासून चुलीतल्या पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा, धूर घरातच कोंडू लागला. देवकाबाई डोळे पुसत भाकरी थापत. वर्षे गेली. आधी एका पिशवीत प्राणवायू कमी पडला, मग शेजारच्या, मग सगळ्याच. मी आकसले, माझ्या शेजारणीही आकसल्या. आता रक्त वळवायला चांगली जागाच उरली नव्हती, तरी आम्ही आकसतच राहिलो. आम्हाला दुसरे काही येत नाही. मागून हृदय जोर लावून रक्त ढकलत होते. माझी भिंत जाड आणि राठ होत गेली.

चौऱ्याऐंशी साली देवकाबाईंचे पाय सुजले, ओठ निळे पडले. रूपराव आणि सून कोकिळा त्यांना वर्ध्याला डॉक्टरांकडे घेऊन आले.

"सूज पायाले आहे, अन् तुमी फुप्फुसाचं काऊन सांगून राह्यले?" रूपरावांनी विचारले.

"धुरामुळे फुप्फुसात प्राणवायू पुरत नाही," डॉक्टर म्हणाले. "म्हणून तिथल्या रक्तवाहिन्या आकसल्या आहेत. त्यांच्यातून रक्त ढकलून हृदय थकलंय. आता चुलीशी कोण बसतं?"

दाराशी उभ्या कोकिळेला खोकल्याची उबळ आली. तिने पदर तोंडावर दाबला. रूपराव तिच्याकडे बघतच राहिले.

घरी पोचताच देवकाबाई धापा टाकत म्हणाल्या, "ते भिंत फोडा. माह्यं काई होवो, या पोरीचं असं होऊ देऊ नोका."

रूपरावांनी कापूस पुढच्या खोलीत हलवला आणि सब्बल घेतली. खिडकी मोकळी झाली. दिवाळीपर्यंत कोकिळेचा खोकला थांबला.

आमच्यासाठी मात्र फार उशीर झाला होता. दवाखान्यात नळीने प्राणवायू मिळाला की आम्ही जराशा सैल होतो. घरी आलो की पुन्हा आकसतो.

मित्रांनो, तुमच्या घरी चूल पेटली की धूर कुठे जातो ते बघा. आई खोकली तर धुराची सवय होईल असे म्हणू नका. तिची तक्रार येईपर्यंत थांबूही नका, कारण आतून आम्हाला ओरडता येत नाही.

काल संध्याकाळपासून हृदयाचे ठोके मधेच चुकत आहेत. रूपराव देवकाबाईंना उशीला टेकवून बसवतात आणि पाठीवरून हात फिरवतात. मी सैल व्हायचा प्रयत्न करते आहे. जमत नाही.