सतरा नंबरचं दुकान

शनिवारी सकाळी साडेनऊला बेकरीची रांग दाराबाहेर गेली होती. बाहेर हॅम्बर्गचा बारीक पाऊस, आत गरम पावाचा आणि ओल्या कोटांचा वास. एका बाईंनी दोन खसखशीचे, एक तिळाचा आणि तीन भोपळ्याच्या बियांचे पाव मागितले. वैभवीने सहा पाव पिशवीत टाकले आणि गल्ल्यावर साध्या पावाचं बटण दाबून पुढे सहा आकडा मारला. किंमत सगळ्यांची एकच. दुकान सांभाळणाऱ्या फ्राउ लोरेन्सने पहिल्याच दिवशी तिला हे शिकवलं होतं. "गर्दीत बटणं शोधत बसशील तर लोक तुला फाडून खातील. पहिलं बटण दाब आणि मोकळी हो."

बाईंनी पावती घेतली नाही. इथे पावती कोणी घेत नसे, पण यंत्र ती ओकतच राही. चुरगळून टाकता टाकता वैभवीची नजर खालच्या ओळीवर गेली. दुकान क्रमांक १७.

तिने पावती उलगडून पुन्हा वाचली.

दर शनिवारी शेकडो पावत्या तिने फाडल्या होत्या, खालची ओळ कधी वाचली नव्हती. आणि गेले चार महिने ती घरी बसून ज्या दुकानाचे आकडे पिंजत होती, ते सतरा नंबरचं होतं. बिग डेटा आणि बिझनेस ॲनालिटिक्सच्या अभ्यासक्रमात प्राध्यापक बाईंनी एका बेकरी कंपनीची तीन वर्षांची विक्री दिली होती, नाव काढून, फक्त दुकानांचे नंबर ठेवून. फेब्रुवारीत सतरा नंबर दोन आठवडे बंद होतं. इथला पाण्याचा नळ फेब्रुवारीतच फुटला होता. शंकेला जागाच नव्हती.

"एऽ, झोपलीस काय?" फ्राउ लोरेन्स ओरडली. "माणसं उभी आहेत!"

सोमवारी दुपारी दोन वाजता वैभवीला हा प्रकल्प मांडायचा होता. हा तिचा तिसरा आणि शेवटचा प्रयत्न होता. पहिल्या वेळी ती तापाने फणफणत परीक्षेला बसली आणि नापास झाली होती. दुसऱ्या वेळी बाईंनी पडद्यावरच्या एका आकड्याकडे बोट दाखवून विचारलं होतं, "हा कुठून आला?" आणि तिची वाचा बसली होती. तिसऱ्यांदा नापास झालं की विद्यापीठातून नाव कमी, आणि नाव कमी झालं की व्हिसाही धोक्यात. नाशिकला वडील शशिकांत सगळ्यांना सांगत होते, पोरगी सप्टेंबरमध्ये पास होऊन बाहेर पडणार.

आणि तिच्या प्रकल्पाचा कणा काय होता? सतरा नंबरच्या दुकानात शनिवारी भोपळ्याच्या बियांचे पाव जवळपास खपत नाहीत, ते पाठवणं बंद करावं. संगणकावर बसवलेलं तिचं अंदाजाचं गणित शंभरात चौऱ्याण्णव वेळा बरोबर येत होतं. येणारच. ज्या आकड्यांवर ते शिकलं आणि ज्यांच्यावर ते तपासलं, दोन्हींत एकच खोट होती, भोपळ्याचे पावही साधे म्हणून नोंदलेले. ती खोट तिने स्वतःच्या बोटाने घातली होती.

एक वाजता कामाची पाळी संपली. मागच्या खोलीत फ्राउ लोरेन्स पाय पसरून कॉफी पीत बसली होती. वैभवीने तिला सगळं सांगितलं.

"मग?" फ्राउ लोरेन्स म्हणाली. "एकूण बेरीज जुळते ना? अकरा वर्षं जुळते आहे."

"मला ती फाइल बघायची आहे. माल येतो त्याच्या चिठ्ठ्यांची."

फ्राउ लोरेन्सने कप खाली ठेवला. चिठ्ठीवर रोज किती पाव आले ते छापलेलं असे, आणि संध्याकाळी किती उरले ते ती स्वतःच्या हाताने खाली लिही. कंपनी ते कधी वाचत नसे.

"म्हणजे माझ्याच अक्षराने माझा गळा कापणार तू. चौदा महिने राहिलेत माझ्या पेन्शनला, पोरी."

वैभवीने कोट चढवला. ती एस-बानच्या लोकलने घरी आली.

ती कुंदामावशींकडे खोली घेऊन राहत होती. मावशी मूळच्या साताऱ्याच्या. पस्तीस वर्षं इथल्या एका इस्पितळात नर्स होत्या, नवरा येन्स जर्मन. वैभवीचं तोंड बघूनच त्यांनी गॅस बंद केला.

"काय झालं गं? कोणी बोललं?"

सगळं ऐकल्यावर मावशी हसायलाच लागल्या.

"अगं, आमच्या वॉर्डात पहाटे पाचला सगळ्यांचा ताप छत्तीस पूर्णांक आठ, म्हणजे नॉर्मल, लिहिलेला असायचा. थर्मामीटर कपाटात! तीस पेशंट आणि आम्ही दोघी. काय करणार?"

"आणि एखाद्याला खरंच ताप असला तर?"

मावशींचं हसू विरलं. "होता एकदा," त्या म्हणाल्या. "असो, ते राहू दे." त्यांनी पोळीचा तवा उगाच पुसला. "तू काय करणार आहेस?"

"आहे तसं मांडलं तर कोणाला कळणार नाही, मावशी."

"हो, ते खरंय. नाही कळणार." मावशींनी ताट पुढे सरकवलं. "पण त्या बाईने पुन्हा विचारलं, आकडा कुठून आला, तर? या वेळी तुला उत्तर माहीत आहे बाई. माहीत असून गप्प बसणं जास्त अवघड."

रविवारी बेकरी सकाळपुरती उघडी असे. वैभवी अकरा वाजता गेली, काही ठरवून नाही. गल्ल्याच्या मागे जाडजूड फाइल काढून ठेवली होती. फ्राउ लोरेन्स तिच्याकडे न बघता काच पुसत होती.

"मी बाहेर कचरा टाकायला चाललेय," ती म्हणाली. "मला वेळ लागतो. गुडघे दुखतात."

वैभवीने तिच्याकडच्या आकड्यांत असलेल्या आठ शनिवारांच्या चिठ्ठ्यांचे फोटो काढले. दोन फोटो धूसर आले, ते पुन्हा काढले. घरी येऊन तिने पहिली चिठ्ठी विक्रीशेजारी मांडली. भोपळ्याचे पाव आले ऐंशी. उरले सहा. गल्ल्यावर विकलेले नऊ, तेही दुपारच्या पाळीत कोणीतरी दाबलेले. बाकीचे पासष्ट लोकांनी आनंदाने घरी नेऊन खाल्ले होते, फक्त साधे पाव म्हणून. पुढच्या सात शनिवारीही तीच गत.

सोमवारी दोन वाजता खोलीत प्राध्यापक बाई होत्या, एक सहपरीक्षक होते, आणि ज्याची तिला धास्ती होती तो बेकरी कंपनीचा माणूसही होता. वैभवीने पहिला आलेख दाखवला, चौऱ्याण्णव टक्क्यांचा. कंपनीचा माणूस मान डोलवू लागला.

बाईंनी पेन उचललं. "शनिवारचे नऊच? हा आकडा कुठून आला?"

"माझ्या बोटातून," वैभवी म्हणाली. आवाज फाटला, पण थांबला नाही. "हा निष्कर्ष चुकीचा आहे. का, ते आता दाखवते."

तिने चिठ्ठ्या दाखवल्या, बटणाची गोष्ट सांगितली. फोटोंत खालची फ्राउ लोरेन्सची सही तिने झाकली होती. कंपनीच्या माणसाचा चेहरा लाल होत गेला.

"हे कोण करतं?"

"मी. शनिवारी सात ते एक."

"एकट्या तुम्ही?"

वैभवीने पुढची चिठ्ठी पडद्यावर आणली.

"एका किमतीची बारा बटणं आणि दारापर्यंत रांग," वैभवी म्हणाली. "माणूस हाताजवळचंच दाबणार. कुठल्या दुकानात तसं होत नसेल, ते तुम्हीच तपासा. मी एकच तपासलंय."

त्याने आणखी काही विचारायला तोंड उघडलं. बाईंनी हात वर केला. "परीक्षा मी घेते आहे." मग वैभवीला म्हणाल्या, "बाहेर थांबा."

बाहेर ती वीस मिनिटं उभी होती. दार उघडलं तेव्हा बाईंच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"आठ शनिवार फार कमी. एकच दुकान. आणि ज्या दुकानात आपण उभ्या असतो, ते चार महिने ओळखू नये?" त्यांनी कागद पुढे केला. "तीन पूर्णांक तीन."

इथे एक सगळ्यांत वर, आणि चारपर्यंत पास. वैभवीने तो आकडा तीनदा वाचला. वडिलांना फोनवर सांगितला, तेव्हा ते म्हणाले, "पाचपैकी ना?" ती रडता रडता हसली.

पुढच्या शनिवारी कंपनीचं पत्र येऊन पडलं होतं. नाव कोणाचंच नव्हतं. सर्व दुकानांना सूचना : प्रत्येक पावाचं वेगळं बटण दाबावं. फ्राउ लोरेन्सने ते कॉफीच्या यंत्राखाली दडपून ठेवलं होतं. साडेनऊला रांग दाराबाहेर पोचली, दहाला कोपऱ्यावर.

"बघ," ती दातओठ खात म्हणाली, "ही तुझ्या पदवीची रांग!"

समोर नेहमीचे टोपीवाले आजोबा आले. त्यांना दर शनिवारचे दोन भोपळ्याचे पाव हवे होते. फ्राउ लोरेन्सने पाव पिशवीत टाकले, बोट यंत्रावर नेलं आणि ते तिथेच अधांतरी राहिलं. अकरा वर्षांत तिने ते बटण कधी दाबलं नव्हतं.

"भोपळ्याचं कुठे आहे गं?" तिने हळूच विचारलं.

वैभवी वाकली. तिलाही माहीत नव्हतं. दोघी डोकं डोक्याला लावून बटणं वाचू लागल्या, आणि मागे रांग कुरकुरत राहिली.