थांबलेल्याचा मान

सिमेंट कालवणारा अजस्र ट्रक पाठीवरचं पिंप फिरवत उतारावरून भरधाव आला आणि सिस्टरच्या समोर, पांढऱ्या पट्ट्यांच्या अलीकडे, फुस्स करून उभा राहिला. पिंप तेवढं फिरत राहिलं. काचेआडून चालकाने हात पुढे केला. जा.

सिस्टरला कुठेही जायचं नव्हतं. ती नातीच्या शाळेच्या बसची वाट बघत होती आणि बस याच बाजूला येणार होती. पण एका माणसाने एवढं धूड आपल्यासाठी उभं केलं, त्याच्यामागे चार गाड्या ताटकळल्या, आणि आपण "राहू दे" म्हणायचं? बरं दिसत नाही. तिने स्वेटरचं वरचं बटण लावलं, पर्स काखेत मारली आणि थाटात रस्ता ओलांडला. मधोमध पोचल्यावर चालकाकडे बघून मान लववायलाही ती विसरली नाही.

पलीकडे जाऊन ती वळली, तर एक लाल मोटार तिच्यासाठी थांबलेली. ती परत आली. अलीकडे पाय टेकतात न टेकतात तोच एक टॅक्सी थांबली.

सिस्टर म्हणजे बत्तीस वर्षं मोठ्या इस्पितळाच्या पुरुष शल्यविभागात काढलेली बाई. गल्लीत, बाजारात आणि शेवटी शेवटी नवऱ्याच्या तोंडीही तिचं नाव सिस्टरच राहिलं. इस्पितळासमोरचा रस्ता ती बत्तीस वर्षं रोज दोनदा ओलांडत आली होती, हात आडवा करून, जीव मुठीत धरून, आणि आज यातलं कोण आपल्या वॉर्डात येणार याचा अंदाज घेत. त्यामुळे मुलाच्या या परक्या देशात आल्यावर तिने धाकट्या बहिणीला केलेला पहिला मोठा फोन ना हवेबद्दल होता, ना नातीबद्दल.

"अगं, ट्रक थांबला, ट्रक! माझ्यासाठी!"

"सिग्नल असेल, ताई."

"सिग्नल-बिग्नल काही नाही. मी नुसती उभी होते."

"मग बिघडला असेल."

बहिणीचा विश्वास बसला नाही. सिस्टरचा तरी कुठे बसत होता? म्हणून तर ती रोज वेळेच्या वीस मिनिटं आधीच कोपऱ्यावर जाऊन उभी राहायची.

नातीला बसवरून आणायचं काम तिला सहजासहजी मिळालं नव्हतं. सुनेचा बेत शाळेनंतरच्या पाळणाघराचा होता. बसवरची बाई फार कडक, ओळखीचं माणूस थांब्यावर दिसलं नाही तर पोराला उतरवायची नाही, सरळ शाळेत परत न्यायची. "मी काय रस्त्यात हरवणार आहे?" असं महिनाभर म्हटल्यावर सून एकदाची तयार झाली होती. दिवसातल्या त्या दहा मिनिटांच्या चालण्यात नात जे बोलायची, तेवढ्यावर सिस्टरचे उरलेले तेवीस तास पन्नास मिनिटं निभत होते.

मंगळवारी जेवणं झाल्यावर मुलगा संत्रं सोलत बसला. फोडींवरचे धागे नको इतक्या निगुतीने काढत, तिच्याकडे न बघता म्हणाला,

"आई, आज वार कोणता गं?"

सिस्टरचा हात ताटावर थांबला. भान ठिकाणावर आहे का हे बघायला हा प्रश्न तिने आयुष्यात हजारो पेशंटांना विचारला होता, अगदी याच आवाजात, असंच दुसरीकडे बघत.

"मंगळवार. आपण पहिल्या मजल्यावर आहोत. शंभरातून सात वजा करत जाऊ, की एवढं पुरे?"

मुलाने संत्रं खाली ठेवलं. सूनच बोलली.

"आई, रागावू नका. समोरच्या इमारतीतल्या बाईंचा मेसेज आलाय. तुम्ही कोपऱ्यावर सारख्या जाता-येता, जाता-येता. आज सात वेळा. त्यांना वाटलं, घर सापडत नाहीये."

"अगं, ते थांबतात. मग जावं लागतं."

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. पेशंटचे नातेवाईक वॉर्डाच्या दारात जसे बघतात, तसं. सुनेने शुक्रवारची वेळ घेऊनही टाकली होती, स्मरणशक्तीच्या डॉक्टरांची. आणि तोवर, म्हणजे फक्त तोवर हं, नात पाळणाघरात.

"उद्याचा दिवस जाऊ दे तिला," मुलगा म्हणाला. "मी बरोबर जातो. बघू तरी."

बुधवारी तो अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला. या कोपऱ्यावरून तो अकरा वर्षं जात-येत होता, पण गाडीतून. लोकांसाठी थांबायची त्याला चांगली सवय होती. पायी मात्र तो इथे कधी उभाच राहिला नव्हता.

"हे बघ आई, सोपं आहे. तू अगदी कडेला उभी राहतेस, म्हणून त्यांना वाटतं तुला जायचंय. दोन पावलं मागे उभं राहायचं. आणि चुकून थांबलंच कोणी, तर असा हात करायचा, जा म्हणून. ते जातात."

तो बरोबर कडेला उभा राहून हे सांगत होता. एक निळी मोटार थांबली.

"हे बघ, आता मी हात करतो."

त्याने हात केला. मोटारीतल्या टोपीवाल्या म्हाताऱ्याने हसून उलट हात केला. मुलाने मान हलवली. म्हाताऱ्यानेही हलवली, आणि निवांत स्टिअरिंगवर दोन्ही कोपरं टेकली. मागे तीन गाड्या झाल्या. कुणी हॉर्न वाजवेना. वाजवला असता तर निदान रागावता आलं असतं.

"काय करतोयस?" सिस्टरने विचारलं. ती दोन पावलं मागे, एका झाडाचं खोड निरखत उभी होती.

"अगं, मागे एवढे लोक…" मुलगा पुटपुटला, आणि गेला.

पलीकडून वळतो तर एक व्हॅन थांबलेली. तो परत आला. दोन पावलं मागे सरायला जागा शोधतोय तोच समोर दोन डब्यांची एक लांबलचक जोडबस उभी राहिली. बसच्या खिडक्यांतून तीस-चाळीस चेहरे त्याच्याकडे बघू लागले. मुलाने आईकडे पाहिलं. सिस्टर झाडाकडे बघत होती. तो धावतच पलीकडे गेला, जाताना हात उंच करून चालकाला सलाम ठोकला, आणि वळला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. लहानपणी सायकल शिकताना मागून कुणी धरलेलं नाही हे कळल्यावर झाला होता तसा.

"आई!" तो पलीकडून ओरडला. "अख्खी बस गं!"

तेवढ्यात शाळेची बस आली. कडक बाईने दार उघडलं, थांब्यावर सिस्टर उभी आहे असं पाहून नातीला उतरवलं, आणि बस गेली. पलीकडे मुलगा अजून हसत होता. त्याच्यासाठी एक ट्रॅक्टर थांबला होता.

"आजी, बाबा तिकडे काय करतोय?"

"येतोय."

"मग हा परत इकडून कुठे चालला?"

सिस्टरने बघितलं. खरंच, मुलगा अलीकडे येऊन पुन्हा वळला होता. तिने नातीच्या पाठीवरचं दप्तर उतरवून आपल्या खांद्याला लावलं आणि तिचा हात धरून तिला कडेपासून आत घेतलं.

"हे बघ, घरी गेल्यावर यातलं आईला काही सांगायचं नाही."

"का?"

"तिला एका वेळी एकच पेशंट पुरे."