सर्वांत वाईट खेळाडूचा मान

शिमग्याला मुंबईबाहेरच्या नवघरात दोन गोष्टी पेटत. एक होळी, आणि दुसरी सागरतारा क्रीडा मंडळाची यादी.

मंडळाचा बास्केटबॉलचा संघ पंच्याऐंशी सालापासून हरत आला होता. हरण्याचं दुःख किती दिवस करायचं, म्हणून मैदानाच्या भिंतीवर बसून खेळ बघणाऱ्यांनी त्याचा सणच करून टाकला. दरवर्षी होळीच्या संध्याकाळी मंडळाच्या इतिहासातले पाच सर्वांत वाईट खेळाडू जाहीर व्हायचे. प्रत्येकाच्या नावाने गोदूबाई एक फाग, म्हणजे शिमग्याचं चेष्टेचं गाणं, रचायची. गोदूबाई रत्नागिरीकडची, पासष्टीची. खेळाचे नियम तिला ठाऊक नव्हते, पण कोण चुकलं ते बरोबर कळायचं. आणि यादीत जो पहिला, त्याच्या हातून होळीत मानाचा नारळ पडायचा.

गेली सहा वर्षं हा मान आत्मारामचा होता.

आत्माराम विमा कंपनीत कारकून. गिरगावातली खोली सोडून इथे आला तेव्हा ओळखपाळख कुणाशी नव्हती. एकोणनव्वदच्या स्पर्धेत संघ चुकून उपांत्य फेरीत पोचला, आणि शेवटच्या मिनिटाला गोंधळून त्याने चेंडू आपल्याच रिंगमध्ये टाकला. एका गुणाने सामना गेला. त्या संध्याकाळपासून अख्खं नवघर त्याला ओळखू लागलं. भाजीवालासुद्धा जर्सीच्या आकड्यावरून म्हणे, "आओ नौ नंबर." पोरंठोरं गोदूबाईचा फाग गात फिरत:

आत्माराम धावला, चेंडू आभाळी धाडला,
आपल्याच अंगणात चांदोबा पाडला.

यंदा, शहाण्णव साली, होळीच्या दुपारी यादी लिहिणारा जितेंद्र आत्मारामच्या घरी आला. चहा प्याला आणि कपबशी खाली ठेवली.

"काका, एक प्रॉब्लेम झालाय," तो म्हणाला. "स्पर्धावाल्यांच्या कपाटात एकोणनव्वदचा स्कोअरचा कागद मिळाला. तुमच्या नावापुढे रेघ मारलीय. तुम्ही त्या मॅचला उतरलाच नव्हता."

आत्माराम हसला. मग त्याने कागद पाहिला. नऊ नंबरपुढे नाव संघातल्याच बाबाजीचं होतं.

"अरे, पण मीच टाकलाय तो. मला आठवतंय ना."

"आठवत असेल काका, पण कागद काय म्हणतोय बघा."

"आपल्याकडे जर्स्या किती होत्या? नऊ. आणि खेळाडू बारा. बाहेर येणारा काढून द्यायचा, आत जाणारा घालायचा. नऊ नंबर घटकेत बाबाजीच्या अंगावर, घटकेत माझ्या. लिहिणाऱ्याला आकडा दिसणार, तोंड थोडंच दिसणार?"

जितेंद्रने डोकं खाजवलं. "ते पण बरोबर आहे. मग नेमका कोण?"

तो गेल्यावर बायको, गिरिजा, म्हणाली, "सुटलात की. इतकी वर्षं उगाच बोलणी खाल्लीत."

आत्मारामने मनात हिशेब केला. तो सामना वजा केला, तर मंडळात त्याची खेळाची सगळी मिळून चार मिनिटं उरत होती, आणि त्या चार मिनिटांत चेंडू त्याच्याकडे फिरकलाही नव्हता. सर्वांत वाईट नाही, तर मग तो होता तरी कोण?

त्याने चपला घातल्या आणि शेजारच्या मोरवा गावात बाबाजीकडे गेला. बाबाजी स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायचा. आज कारखान्याला सुट्टी होती, तो ओट्यावर बसला होता.

"बरं झालं आलास मेल्या," बाबाजी म्हणाला. "सात वर्षं मनात हाय. तो बॉल मीच टाकला असं मला वाटतं."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"सगळे तुझं नाव घेत होते, तू पण हसत होतास. म्हटलं, ह्यालाच ठाऊक असणार. आणि खरं सांगू? डोळे मिटले की मला तू टाकताना पण दिसतोस."

"मी कुठे उभा असतो?"

"रिंगखाली."

"आणि तू?"

"मी पण तिथंच."

आत्मारामने डोळे मिटून बघितलं. चेंडूचा खरखरीत स्पर्श आठवला, बोटांवरून तो सुटला तेही आठवलं. त्या हातांच्या वर तोंड कुणाचं होतं, तेवढं दिसेना.

दिवेलागणीला दोघं मैदानावर पोचले तेव्हा यादी अर्धी झाली होती. तिसरा आला स्वप्नील, जो फ्री थ्रोआधी चेंडूला इतका वेळ नमस्कार करायचा की पंच चेंडू काढून घ्यायचे. दुसरा दिपेश, उंची सहा फूट दोन इंच, चेंडू जवळ आला की डोळे घट्ट मिटणारा. मग जितेंद्रने कागद वाचून दाखवला आणि एकच कालवा झाला.

"बाबाजी पहिला."

"ऐसा कैसे? छे साल से आत्माराम है."

"गोदूबाई, तुम्हीच सांगा."

गोदूबाईने पदर खोचला. "दोघांनी त्याच जागेवरून टाका. दहा-दहा वेळा. ज्याचा पडला, त्याचा गुन्हा."

बाबाजीचा तिसरा पडला. शिट्ट्या वाजल्या. आता आत्मारामची पाळी. त्याने जीव लावून टाकला. पहिला रिंगच्या कडीवर आपटला, दुसरा मागच्या फळीवर, पाचवा भिंतीपलीकडे गेला, आठवा होळीच्या लाकडांत जाऊन बसला. दहाच्या दहा वाया गेले. त्याने मान खाली घातली. जितेंद्र पेनने त्याचं नाव खोडायला लागला.

"थांब रे," गोदूबाई म्हणाली. "बाबाजीने निदान टाकला तरी. ह्याला आडवं कोण नाय, ढकलायला कोण नाय, तरी दहादा टाकून पडत नाय. मग वाईट कोण?"

 भिंतीवरची रांगच्या रांग हसत सुटली.

"पॉइंट आहे," जितेंद्र म्हणाला. "पहिला आत्माराम. कारण बदललं, नंबर तोच."

लोक होळीकडे वळले. आत्माराम तिथेच उभा. छाती भरून आली होती, आणि ती कशाने, ते समजत नव्हतं. त्याने पायाशी पडलेला चेंडू उचलला आणि न बघता, एका हाताने, सहज वर भिरकावला. चेंडू कडीला न शिवता जाळीतून अलगद खाली उतरला.

जवळ फक्त बाबाजी होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"म्हणजे तूच असशील तो," बाबाजी हळूच म्हणाला.

"तुझाही पडला ना पण."

बाबाजीने गर्दीकडे नजर टाकली. तिकडून कुणी बघत नव्हतं. "मी काय बघितलं नाय," तो म्हणाला आणि चेंडू पायाने बाजूला सारला.

ढोल सुरू झाला. जितेंद्र मानाचा नारळ धरून हाक मारत होता. आत्माराम निघाला. आपण टाकला म्हणून पहिले, की आपला पडत नाही म्हणून, याचा त्याला काही उलगडा होईना. पाय मात्र होळीच्या दिशेने भराभर पडत होते.