गल्लीतून गेलेली वायर

इलेक्ट्रिक गाडी दारात आली आणि देवेंद्रकुमारांच्या घरात पहिला प्रश्न उभा राहिला. ती चार्ज करायची कुठे? रिसोडमधली जुनी, अरुंद गल्ली. एका बाजूला घर, समोर त्यांचंच सोयाबीनचं गोदाम, आणि गाडी मावायची फक्त गोदामाच्या फाटकाशी. देवेंद्रकुमारांनी तोडगा काढला. घरातल्या प्लगमधून लांब वायर काढली, गल्ली ओलांडून नेली आणि गोदामाच्या लोखंडी फाटकावरून गाडीपर्यंत पोचवली. मध्ये एक जोड होता, त्याला चिकटपट्टी गुंडाळली. झालं काम!

बाकी माणूस भला. छतावर सोलर बसवलेलं, पाणी गाळून पिणारा, पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून जपणारा. गल्लीतले लोक चिडवायचे, "शेठ, अकोल्याहून येता येता चार्जिंग सरली तं गाडी ढकलत आनसान काय?" शेठ हसून हिशोब सांगायचे. एका चार्जिंगमध्ये वाशीमला दोनदा जाऊन येतो, धूर नाही, आवाज नाही. सगळ्या शंकांना त्यांच्याकडे उत्तर होतं. फक्त धम्मपालच्या शंकेला नव्हतं.

धम्मपाल हा त्या भागातला वीज कंपनीचा कंत्राटी वायरमन; गल्लीतले खांब आणि तारा त्याच्याकडे.

"शेठजी, गाडी चांगली घेतली तुमी. मी तं म्हणतो, सगळ्यायनं घ्यावी. पण ही वायर काढा. घराले अर्थिंग नाही, मीटरचा लोड वाढवून घेतला नाही. फाटकात करंट उतरला तं धरणारा जागीच जाईन."

"पावसाळा सरला का करू रे भाऊ. चार महिने झाले, काही झालं काय?"

"झालं नाही म्हणूनच सांगून राह्यलो. झाल्यावर काय सांगू?"

तीनदा सांगितलं त्याने. पण आपल्याकडे वेळेवर सांगणारा माणूस कटकट्या ठरतो!

श्रावणात दोन दिवस झड लागली होती. सकाळी भागिरथाबाई नेहमीप्रमाणे गोदाम झाडायला आल्या. वीस वर्षं त्या हेच फाटक उघडत होत्या. पावसाने जोडावरची पट्टी सुटली होती. त्यांनी फाटकाला हात लावला, आणि तो सुटलाच नाही. देवेंद्रकुमारांनी धावत जाऊन प्लग ओढला, पण दवाखान्यात पोचेपर्यंत बाई गेली होती.

दुपारी पोलीस पंचनाम्याला आले तेव्हा गल्लीत वायर नव्हती. भागिरथाबाईंचा नवरा ग्यानबा गोदामाच्या पायरीवर बसला होता. त्याने एवढंच विचारलं, "शेठ, करंट कुठून आला?"

"वायर तं म्या कालच काढली. खांबावरून उतरला असन, ग्यानबा."

एवढं पुरे झालं. पोलीस गोदामात पंचनामा करत होते, तेवढ्यात जमाव तिथे आलेल्या धम्मपालवर उलटला. कोणी त्याची कॉलर धरली, कोणी थोबाडीत मारली. ज्याने तीनदा बजावलं, तोच गुन्हेगार झाला! धम्मपालने शेठकडे पाहिलं. शेठ मान खाली घालून घरात शिरले.

आत त्यांची म्हातारी आई भंवरीबाई उभी होती.

"वायर पोत्यायच्या मागं लपवली तू. म्या पाह्यलं."

"मां, हळू बोल. ती बाई तं गेली. म्या कबूल केलं म्हणून वापस येईन काय?"

"नाही येत. पण धम्मपाल जाईन. त्याची नोकरी जाईन, मार खाऊन जीवबी जाईन. एक जीव आळसानं घेतला, दुसरा भेवानं घेतं काय?"

"मां, लोक काय म्हणतीन? माही गाडी तं कोणाले मारासाठी नव्हती..."

"गाडीनं कुठं मारलं? गाडी गरीब बिचारी उभी हाय. तुले धूर दिसला, देवेंद्र, माणूस नाही दिसला. फाटक तू कधी उघडत होता काय? उघडणारी भागिरथा होती. तुह्या हातानं उघडा लागलं असतं तं त्याच दिवशी अर्थिंग केलं असतं!"

आईचं बोलणं खरं होतं! मुंगीला जपणाऱ्या माणसाने चार महिने दुसऱ्याचा जीव पणाला लावला होता. देवेंद्रकुमारांनी पोत्यांमागून वायर काढली आणि ते बाहेर आले.

"सोडा त्याले!" ते ओरडले. "खांबाचा दोष नाही. ही माही वायर हाय. धम्मपालनं मले तीनदा सांगतलं होतं. म्या आयकलं नाही."

धम्मपालची कॉलर सुटली. देवेंद्रकुमार ग्यानबाच्या पायाशी वाकले, पण ग्यानबाने पाय मागे घेतले.

"खरं बोलले, बरं केलं," तो म्हणाला. "पण माफी नका मांगू, शेठ. माह्याजवळ नाही ते."

पोलिसांनी देवेंद्रकुमारांना जीपमध्ये बसवलं.

वाचकहो, विजेची गाडी जरूर घ्या. छतावर सोलर बसवा, तुमच्या नातवंडांना स्वच्छ हवा मिळू द्या. पण गाडीच्या आधी अर्थिंग करा, लोड वाढवून घ्या, करंट गळताच वीज तोडणारा खटका बसवा. ज्या विजेने धूर होत नाही ती स्वच्छ, हे अर्धंच खरं आहे. तिने शेजाऱ्याचा जीव जाऊ नये, हे उरलेलं अर्धं.

त्या आठवड्यात सुजलेल्या गालाने धम्मपाल त्याच गल्लीत रोज येत होता. अकरा घरांनी त्याला अर्थिंग करायला बोलावलं होतं. त्यातल्या नऊ घरांना त्याने आधीही सांगितलं होतं.