पाचवी लाट उलटी

मित्रांनो, देवळात शिरलात की डाव्या भिंतीकडे पाहा. शेवटच्या खुंटीवर, एक कान उंदराने कुरतडलेला आणि नाकाचा रंग उडालेला जो चेहरा दिसतो, तो मी. मी एक जुना मुखवटा आहे. एके काळी मी राणी होतो. यात हसण्यासारखे काही नाही. आमच्या शहरात नाटकातल्या बायकांची कामे पुरुषच करतात, आणि त्यासाठी त्यांना माझ्यासारखा चेहरा लागतो.

माझा जन्म ब्रीसोन नावाच्या कारागिराच्या अंगणात झाला. अळशीच्या सुताचे जुने कापड फाडून, सरसात बुडवून, लाकडी साच्यावर त्याचे सात थर दिले गेले. पाच असते तर मी नटाच्या घामाने मऊ पडलो असतो. नऊ असते तर त्याला माझे ओझे झाले असते. दोन दिवस उन्हात वाळल्यावर माझ्यावर पांढरा लेप बसला, कारण बायकांचे चेहरे पांढरे रंगवायचा रिवाज आहे. राणी शोकात होती, म्हणून लोकरीचे केस आखूड कापले.

हे थर दाबून बसवणारे हात मात्र ब्रीसोनचे नव्हते, त्याच्या दासीचे होते. लिंथोस बेटावरून आली म्हणून घरात तिला सगळे लिंथी म्हणत. दोन वर्षांपूर्वी आमच्या शहराच्या जहाजांनी ते बेट जिंकले होते. तिथले पुरुष मारले गेले, बायका आणि मुले बाजारात विकली गेली. तिचे खरे नाव मेलिन्ना. मला ते ठाऊक आहे, कारण थर दाबताना ती ते नाव स्वतःलाच हळूच ऐकवायची, विसरू नये म्हणून. मग आणखी एक नाव घ्यायची, थेआनो. ती तिची मुलगी. बाजारात मायलेकींना वेगवेगळ्या माणसांनी नेले, तेव्हा थेआनो दहा वर्षांची होती.

ती याच शहरात कुठेतरी आहे, एवढेच मेलिन्नाला माहीत होते. पण दारोदार चौकशी करायची दासीला मुभा नव्हती. शिवाय चौकशी करायची तरी कोणते नाव घेऊन? नव्या मालकाने ते केव्हाच बदलले असणार.

एके दिवशी दामोन नावाचा नट मला घालून पाहायला आला. नाटक होते युद्धात पडलेल्या एका नगरीचे. किनाऱ्यावर शत्रूची जहाजे उभी आहेत, पुढे राणी आहे आणि तिच्यामागे कैदी बायकांचा पंधरा जणींचा वृंद. दामोनने मला चढवले, दोन्ही हात आभाळाकडे फेकले आणि असा टाहो फोडला की छपरावरची कबुतरे उडाली.

कोपऱ्यात सरस ढवळत बसलेली मेलिन्ना फसकन हसली.

"काय गं ए लिंथी, दात काढायला काय झालं?" दामोन म्हणाला.

"काही नाही, मालक."

"नाही कसं? बोल आता."

"तुमची राणी रडतेय की कोंबड्या हाकलतेय, तेच कळेना."

"जीभ आवर!" ब्रीसोन ओरडला. पण दामोनने मला कपाळावर सरकवले. त्याला राग आला होता, तरी तो शहाणा होता. "थांब ब्रीसोन. तिनं ते पाहिलंय, मी नाही. सांग बाई, कसं असतं ते?"

मेलिन्ना जागची उठली नाही. सरसात काठी फिरवत म्हणाली, "आम्हाला किनाऱ्यावर उभं केलं, तेव्हा पहिल्यांदा कुणी रडलं नाही. आधी मोजलं. कोण आहे, कोण नाही. मोजून झाल्याशिवाय रडायचं तरी कुणासाठी?"

"पण कवीचे शब्द मला बदलता येत नाहीत. तिथं नुसतं 'हाय हाय' आहे."

"शब्द कशाला हवेत? मान वळवा की. मागं पंधरा जणी उभ्या असतात ना? एकेकीकडं बघा. पंधरा वेळा. मग करा काय ते हाय हाय."

दामोनने मला पुन्हा चढवले आणि मागे वळून, समोर नसलेल्या बायका एकेक करून मोजायला लागला. मान आठव्यांदा वळली, तेव्हा ब्रीसोनने हातातली पटाशी खाली ठेवली.

"माग, काय हवं ते," दामोन म्हणाला. "नवं पांघरूण? मधाच्या वड्या?"

"राणीच्या कपाळावर पट्टी असते ना? ती मी विणणार."

बेटावरून नेसत्या वस्त्रानिशी आली, तेव्हा तिच्या खांद्यावर एक शाल होती. तिचेच केशरी आणि निळे धागे उसवून तिने बोटभर रुंदीची पट्टी विणली. तिच्यावर लाटांची नक्षी होती. ब्रीसोनने ती उजेडात धरली आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"अगं, चार लाटा उजवीकडं आणि पाचवी डावीकडं! ही बघ, दहावीही तशीच. उसव आणि नीट कर."

"नाही मालक."

"नाही? राणीच्या कपाळावर चूक मिरवू होय?"

"चूकच पाहिजे. माझी आजी पाचव्या लाटेला चुकली. आईनं तिचं बघून तसंच विणलं, मी आईचं बघून. लेकीलाही तेच शिकवलं. आमच्या घराबाहेर असं कुणीच विणत नाही."

ब्रीसोनने पट्टी पुन्हा उजेडात धरली. मग आवाज उतरवून म्हणाला, "वेडी आहेस. हजारो माणसं असतात तिथं. वरच्या पायरीवरून मुखवट्याचे डोळेसुद्धा धड दिसत नाहीत, तिथं ही बोटभर पट्टी?"

"तिथून नाहीच दिसायची. पण नाटक संपलं की मुखवटे देवळात टांगता ना? देवळात पाणी कोण भरतं? मालकिणीच्या नैवेद्याची टोपली कोण वाहतं? आम्हीच की."

ब्रीसोनने सुई तिच्या हातात दिली. "टाके घट्ट घाल," एवढेच तो म्हणाला.

वसंतातल्या उत्सवात मी पंधरा वेळा वळलो. पायऱ्यांवर लिंथोस जिंकून आलेले लोकही बसले होते. सुरुवातीला ते ऑलिव्ह खात होते, बिया थुंकत होते. पाचव्या-सहाव्या बाईपाशी ते आवाज थांबले. पंधरावी मोजून झाली तेव्हा दामोनचा श्वास मला आतून ऐकू येत होता, आणि बाहेर काहीच नव्हते. त्या दिवशी त्याच्या डोक्यावर विजयाची माळ चढली आणि मला या खुंटीवर मानाने टांगले गेले.

पहिल्या वर्षी लोक मुद्दाम मला पाहायला येत. मुलांना उचलून दाखवत, "ही बघ ती राणी." दुसऱ्या वर्षी माझ्यापुढे दुसरे मुखवटे लागले. मग धूळ आली, ओल आली, उंदीर आला. दर अमावास्येनंतर, नवी चंद्रकोर दिसली की, मेलिन्ना ब्रीसोनच्या परवानगीने आमची धूळ झटकायला येई. माझ्या पट्टीवरून शेवटच्या टाक्यापर्यंत बोट फिरवी आणि निघून जाई. अशी सात वर्षे गेली.

सातव्या वर्षी देवळाचा रखवालदार तिला म्हणाला, "भिंत भरली, बाई. जुने चेहरे आता आवारातल्या खड्ड्यात पुरायचे. तुझी ही नकटीही त्यात आलीच."

"अजून थोडे दिवस राहू द्या, बाबा."

"दर खेपेला तेच! हिला काय पालवी फुटणार आहे?"

"पुढच्या चंद्रकोरीपर्यंत. मग मीच माती लोटते."

म्हातारा कुरकुरला, पण थांबला.

मित्रांनो, त्या महिन्यातल्या एका सकाळी लाल कमरपट्ट्याची एक तरुण दासी पाण्याची घागर घेऊन आत आली. शहरापलीकडच्या मळ्यावरून तिची मालकीण नुकतीच देवळाजवळ राहायला आली होती. ती माझ्यासमोरून गेली, दोन पावलांवर थबकली आणि मागे आली. तिने घागर खाली ठेवली. माझ्या चेहऱ्याकडे तिने पाहिलेच नाही. पट्टीवर बोट ठेवून ती मोजू लागली. पाचव्या लाटेवर बोट थांबले. मग दहाव्या लाटेवर.

"ए, विहीर खणायला बसलीस का गं तिथं?" बाहेरून मालकिणीची हाक आली.

तिने कमरपट्ट्यातला एक लाल धागा उपसला, पाचव्या लाटेभोवती गुंडाळून गाठ मारली, आणि घागर उचलून पळाली. माझ्या तोंडाचे भोक एवढे मोठे, पण मला तिला हाक मारता आली नाही.

नवी चंद्रकोर दिसली. रखवालदाराने मला खुंटीवरून काढून टोपलीत टाकले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मेलिन्ना आली. दिलेला शब्द पाळायला तिने फावडे हातात घेतले, आणि शेवटचे म्हणून एकदा माझ्या पट्टीवरून बोट फिरवले. बोट अडखळले.

"बाबा, हा पुरायचा नाही."

"आता काय झालं?"

"ही गाठ माझी नाही. उत्तर आलंय."

म्हाताऱ्याने डोळे बारीक करून तो लाल धागा पाहिला. मग त्याने स्वतः मला परत खुंटीवर चढवले. "या रंगाचा पट्टा बांधणारी एक पोरगी रोज सकाळी पाणी आणते," तो म्हणाला. "बस इथं. येईलच."

थोड्या वेळाने ती आली. दोघी माझ्यासमोर उभ्या राहिल्या. दहा वर्षांची मुलगी आता आईपेक्षा उंच झाली होती. रडले कोणीच नाही. आधी मेलिन्नाने तिच्याकडे बोट केले आणि म्हणाली, "एक."

थेआनोने आईच्या छातीवर हात ठेवला. "दोन."

मग रडण्यासारखे जे होते ते रडून झाले.

त्या दोघी आजही दोन वेगळ्या घरांच्या दासीच आहेत. त्यांची सुटका करण्याइतका मी मोठा नाही. पण दर नव्या चंद्रकोरीला त्या इथे येतात, माझी धूळ झटकतात, आणि लिंथोसच्या आणखी कोणाचा ठावठिकाणा लागला का ते एकमेकींना सांगतात. गेल्या खेपेला त्यांची मोजणी सहापर्यंत पोचली.

म्हणून मित्रांनो, माझे एवढे ऐका. जुनी फाटकी वस्तू खड्ड्यात लोटण्याआधी तिच्यावरून एकदा बोट फिरवा. आणि एखादी लाट उलटी लागली, तर ती सरळ करायची घाई करू नका. कोणीतरी अजून मोजत असेल.