नौका मंडळाचं एकसष्ट साल

"आता एकसष्ट साल आइका," किसनराव मास्तरांनी कागद उलटला. "'त्या वर्षीच्या शर्यतीत मंडळाचे चिटणीस रामराव यांच्या निष्काळजीपणामुळे वाफेच्या नौकेचा बॉयलर फुटला व त्यांचा उजवा डोळा गेला.' बराबर हाय न, वाहिदभाई?"

वाहिदच्या हातातली कानस थांबली.

मास्तर वणीच्या नौका मंडळाचा दहा वर्षांचा इतिहास लिहीत होते. छप्पन साली, जिल्हा मुंबई राज्यात गेला त्याच हिवाळ्यात, सात हौशी माणसांनी हे मंडळ काढलं होतं. हातभर लांबीच्या नौका बनवायच्या आणि रविवारी गावाबाहेरच्या तलावात सोडायच्या, एवढंच काम. आधी लोक हसले. पण मास्तरांच्या शिडाच्या नौका तलाव पार करू लागल्या, तसे हसणारेच काठावर येऊन बसायला लागले. वाहिद कापसाच्या जिनमध्ये बॉयलरवर फिटर. त्याने पितळेच्या डब्याची, स्पिरिटच्या दिव्यावर चालणारी वाफेची नौका केली, तेव्हा तर मुकुटबनहून बैलगाड्या आल्या होत्या.

"बराबर हाय न?" मास्तरांनी पुन्हा विचारलं.

"हाव," वाहिद म्हणाला.

मास्तर गेले. कानस काही पुन्हा चालली नाही.

एकसष्टच्या शर्यतीला चांद्याची मंडळी यायची होती. नौकेची झडप जादा वाफ बाहेर सोडायची आणि नौका मंदावायची. शर्यतीच्या सकाळी वाहिदने ती झडप शिशाने बुजवून टाकली. झडप बंद केली तर काय होतं, हे त्याच्याइतकं अख्ख्या वणीत कोणाला ठाऊक नव्हतं. दहा मिनिटांचा तर खेळ, असं त्याने स्वतःला समजावलं. दिवा पेटवायचा मान चिटणिसाचा. रामराव वाकले, आणि डबा फुटला.

दवाखान्यात रामराव म्हणाले होते, "माह्यीच चूक. वात मीच मोठी केलती." वाहिद खाटेपाशीच उभा होता. त्याने तोंड उघडलं नाही.

रामराव त्याच जिनमध्ये कापूस पारखायचे. चिमटीत धागा ओढून उजेडात धरला की प्रत सांगायचे. एका डोळ्याने ते काम जमेना. आता ते जिनच्या फाटकावर राखणीला बसत. पाच वर्षं वाहिद रोज सकाळी त्यांना सलाम करून आत जात होता.

त्या संध्याकाळी तो रामरावांच्या घरी गेला. त्यांच्या पत्नीने, वच्छलाबाईंनी, चहा ठेवला. अर्धा कप झाल्यावर वाहिद म्हणाला, "रामभाऊ, झडप मी बुजवलती."

"कोन्ती झडप?"

"नौकेची. शिशानं. तुमाले सांगतलं नाई. तुमची काईच चूक नोती. मास्तरले तसंच लिहायले सांगतो मी."

रामरावांनी कप खाली ठेवला. बोलल्या त्या वच्छलाबाई.

"पाच वर्सं मी यायलेच दोष देऊन राह्यली. कायले असा शौक केला, काहून वाकले. जेवता जेवता बोलली, पाव्हण्याइसमोर बोलली. हे मान खाली घालून आइकत राह्यले. आन तुमी रोज त्याच फाटकातून जात होते?"

त्यांनी वाहिदच्या पुढ्यातला अर्धा कप उचलून आत नेला.

"जा, वाहिदभाई," रामराव म्हणाले. निरोप देताना ते नेहमी 'या' म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी वाहिदकडून सगळं ऐकून मास्तरांनी डोक्याला हात लावला. "आता कायले उकरून काढता? गावात लोकं मंडळावर बोट ठेवाले टपूनच बसले हायेत. मंडळ मोडंल."

"लिहा, मास्तर."

मास्तरांनी लिहिलं. पण रविवारी तलावाच्या काठावर, दहा वर्षांच्या समारंभाला चार गावची माणसं जमली असताना, इतिहास वाचता वाचता ते साठ सालावरून थेट बासष्टवर गेले.

वाहिद सगळ्यांत मागे उभा होता. आपण ओरडून सांगावं असं त्याला वाटलं.

पुढच्या रांगेतून रामराव उठले. "मास्तर, एक साल राह्यलं."

"रामराव, ते मंग पाहू."

"द्या इकडं."

त्यांनी कागद घेतला, डाव्या डोळ्याच्या अगदी जवळ धरला आणि एकेक शब्द शोधत वाचू लागले. "'एकसष्टच्या शर्यतीत नौकेची झडप फिटर वाहिद यांनी बुजवली होती. त्यामुळे बॉयलर फुटला. रामराव यांची त्यात काही चूक नव्हती.'"

रामरावांनी शेवटचं वाक्य आणखी एकदा वाचलं, या वेळी जास्त सावकाश, आणि कागद मास्तरांना परत दिला.

बायकांमध्ये बसलेल्या वच्छलाबाई उठल्या. पुरुषांच्या रांगांमधून सरळ चालत आल्या आणि नवऱ्याच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या.

मागे, वाहिदच्या दोन्ही बाजूंची माणसं हातभर सरकली. त्या मोकळ्या जागेत तो हात बांधून तसाच उभा राहिला. मास्तर बासष्ट साल वाचू लागले.